किसेरूचा पाचवा पट्टा

सन्मतीनं टाकीतलं कपभर पाणी मशीनमध्ये ओतलं आणि झाकण लावलं, तेव्हा सुकुमार मगदूम शेजारी उभे राहून हसत होते.

"एवढंसं पाणी पुरतं?"

"पुरतं, अण्णा. मासा पाण्यात असतो म्हणजे सतत थोडा थोडा झडत असतो. खवल्यांचा चुरा, अंगावरची बुळबुळ, विष्ठा. त्यातल्या पेशींवरून त्याची सगळी जनुकं वाचता येतात आणि सरोवरातून पूर्वी घेतलेल्या नमुन्यांच्या नोंदीशी ताडता येतात. चाळीस मिनिटं लागतील."

"आणि डोळ्यांनी बघितलेलं तुमच्या पुण्याच्या संस्थेला चालत नाही?"

"चालायचं पूर्वी," सन्मती म्हणाली. तिनं बापाकडे न बघता कप पुसून पेटीत ठेवला.

सुकुमारअण्णांच्या हसण्याला कारण होतं. त्यांच्या डोळ्यांचं इचलकरंजीत नाव होतं. चौतीस वर्षं ते कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्टर होते. व्यापाऱ्यानं बोटभर चिंधी आणून द्यायची आणि अण्णांनी त्या रंगाचं हजारो मीटर कापड काढून द्यायचं. रंग मोजायची यंत्रं आल्यावरही मालक शेवटची चिंधी अण्णांच्याच हातात ठेवायचा. हेच डोळे त्यांनी पुढं माशांना लावले. घरामागच्या जुन्या लूमच्या शेडमध्ये त्यांच्या बावीस टाक्या होत्या, आणि त्या सगळ्या टाक्यांत एकच मासा होता. किसेरू.

सिक्लिड नावाच्या माशांचं कूळ फार मोठं आहे. आफ्रिकेतल्या एका अवाढव्य सरोवरात त्यांच्या शेकडो जाती होत्या. या बेटाच्या कडेला एक, पलीकडच्या खडकाला दुसरी. किसेरू हे अशाच एका खडकाळ बेटाचं नाव. त्या बेटाच्या भोवती, दोन-तीन किलोमीटरच्या पाण्यात, जगात दुसरीकडे कुठंही नाही असा तळहाताएवढा मासा राहायचा. नर गडद निळा, पाठ हळदीसारखी पिवळी, अंगावर सात उभे काळे पट्टे. मादी करडी, साधी, अंडी तोंडात धरून उबवणारी.

त्या सरोवराचं पुढं काय झालं ते सगळ्या जगानं वाचलं होतं. या माशांत मादी नराची निवड रंगावरून करते. पाणी नितळ होतं तोवर निळ्या जातीची मादी निळ्याकडे जायची, तांबड्या जातीची तांबड्याकडे, आणि शेजारी राहूनही जाती वेगळ्या राहायच्या. मग किनाऱ्यावरच्या शेतांतली खतं आणि गावांचं सांडपाणी सरोवरात उतरत गेलं. पाण्यावर शेवाळ माजलं, खाली अंधारलं, आणि त्या अंधारात सगळे नर एकसारखे दिसायला लागले. माद्या चुकल्या. कुणी मासे मारले नव्हते, कुठला रोग आला नव्हता. तरी पंचवीस-तीस वर्षांत कितीतरी जाती एकमेकींत विरघळल्या आणि एकच मातकट मासा शिल्लक राहिला.

आता, २०४३ साली, सरोवराची एक खाडी भिंत घालून वेगळी काढली होती. तिचं पाणी स्वच्छ केलं होतं. हरवलेल्या जाती परत सोडायच्या होत्या. पण सोडायला मासे होते ते फक्त जगभरच्या हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांत. त्यातले शुद्ध कोणते हे तपासायचं काम करणाऱ्या भारतातल्या तुकडीत सन्मती होती. किसेरू आपल्याकडे आहे असं जगातल्या अकरा जणांनी कळवलं होतं. दहा जणांचे मासे नापास झाले होते. अकरावे तिचे वडील होते, आणि त्यांची तपासणी तिनं शेवटापर्यंत मागं ठेवली होती.

मशीनचा दिवा हिरवा झाला. सन्मतीनं आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि दुसऱ्या टाकीचं पाणी घेतलं. मग तिसऱ्या. दुपार होईपर्यंत तिनं नऊ टाक्या तपासल्या. अण्णांचं हसणं केव्हा थांबलं ते तिला कळलं नाही.

"सांग," ते म्हणाले.

"एकसष्ट टक्के किसेरू. कुठं साठ, कुठं त्रेसष्ट. बाकीचा भाग दुसऱ्याच जातीचा आहे, अण्णा. बाजारात मिळतो तो साधा निळा."

"मशीन चुकलंय." ते टाकीपाशी गेले. "हा नर बघ. सातच्या सात पट्टे. एक तरी फिकट आहे? पिवळा बघ, कुठं हिरव्याकडे झुकलाय? एकसष्ट टक्के म्हणे!"

"रंग आणि पट्टे ठरवणारी जनुकं फार थोडी असतात, अण्णा. मोजून वीस-पंचवीस. तुम्ही दर पिढीत सगळ्यात देखणी पिल्लं ठेवलीत आणि बाकीची काढून टाकलीत. म्हणजे त्या वीस-पंचवीसच जनुकांची राखण केलीत. बाकीच्या हजारोंवर कुणाचंच लक्ष नव्हतं. तिथं जे शिरलं ते शिरलं."

सन्मतीनं थोडं थांबून विचारलं, "दोन कापडं दुकानातल्या दिव्याखाली अगदी एका रंगाची दिसतात आणि दारात उन्हात नेली की वेगळी पडतात, ते कशानं होतं?"

हे तिला त्यांनीच लहानपणी दाखवलं होतं. ते हळूच स्टुलावर बसले.

"दिसणारी शेड तीच, पण आत रंग वेगळे घातलेले असतात," ते म्हणाले. "रेसिपी वेगळी."

आणि मग त्यांना आठवलं, ते त्यांनी तिला सांगितलं. २०१६ सालच्या मे महिन्यात वीज गेली होती, हवेचा पंप बंद पडून माद्या गुदमरून मेल्या होत्या, आणि चेन्नईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी दोन माद्या मागवल्या होत्या. पिशवी उजेडात धरून त्यांनी दहा मिनिटं निरखून पाहिलं होतं. मादी करडी असते, तिच्यात बघण्यासारखं थोडंच असतं. 'शुद्ध आहे' असं ते म्हणाले आणि पिशवी टाकीत रिकामी केली.

"अण्णा, जुना एखादा मेलेला मासा जपून ठेवलाय का? दोन हजार सोळाच्या आधीचा?"

"माझा नाही," ते म्हणाले. "एक बाटली आहे. पण त्यातला मासा किसेरू नव्हे."

शेडच्या कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांनी ती काढली. स्पिरिटमध्ये दोन नर होते, रंग उडून पांढरट झालेले, पण पट्टे अजून दिसत होते. बाटलीवर अण्णांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी होती: 'संकर. पाचवा पट्टा पाहा.' मासे पाळणाऱ्यांच्या मंडळात नवीन येणाऱ्यांना अशुद्ध मासा कसा असतो ते दाखवायला ही बाटली ते वापरायचे.

ते मासे कुणाचे हे सन्मतीला सांगावं लागलं नाही. ते मेले त्या दिवशी ती तिथं होती. सतरा वर्षांची होती.

इर्शाद मोमीन हे अण्णांचे मित्र. प्रोसेस हाउसच्या समोर त्यांचे चोवीस लूम होते. २०११ साली दोघांनी मिळून मुंबईहून बारा किसेरू आणले, बसस्टँडवरच सहा-सहा वाटून घेतले. दोघांच्या टाक्या वाढल्या, दोघांनी मिळून सिक्लिड मंडळ काढलं, आणि डोळे अण्णांचे म्हणून शुद्ध-अशुद्ध ठरवायचं काम अण्णांकडे आलं. इर्शादभाईंच्या नरांचा पाचवा पट्टा मध्ये तुटायचा आणि गळा धुरकट असायचा. पुस्तकातल्या फोटोत तसं नव्हतं. २०२९ साली मंडळाच्या तपासणीत अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की यात दुसरं रक्त शिरलं आहे. मंडळाचा नियम असा, की संकर झालेल्या माशांची अख्खी वेल मारून संपवायची, म्हणजे ती बाजारात जाऊन इतरांत मिसळत नाही. नियम दोघांनीच लिहिलेला होता. इर्शादभाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आठही टाक्यांत लवंगेचं तेल ओतलं. मासे एकेक करून आडवे झाले. त्यातले दोन अण्णांनी बाटलीसाठी मागून घेतले. सरोवरात तेव्हा किसेरू होते, थोडे कमी झाले होते एवढंच. जगात दुसरे आहेतच, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

त्यानंतर इर्शादभाईंनी मासे पाळले नाहीत. येणं-जाणं आधी कमी झालं, मग ईदलाही बंद झालं.

सन्मतीनं कात्रीनं दोन्ही माशांच्या कल्ल्याजवळचा तांदळाएवढा तुकडा काढला. स्पिरिटमध्ये राहिलेल्या माशाचं वाचन तुकड्या-तुकड्यांत होतं, त्याला दोन तास लागले. अण्णा शेडमधून हलले नाहीत.

"नव्व्याण्णव पूर्णांक चार," ती म्हणाली.

"दुसरा?"

"दोन्ही तसेच. आम्ही जगभर तपासलं त्यात एवढा शुद्ध मासा एकही मिळाला नाही." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "तुटका पट्टा मूळचाच होता, अण्णा. त्या बेटावरच्या निम्म्या नरांचा तसा असणार. पुस्तकात फोटो कुणाचा घालतात? पकडलेल्यांत जो सगळ्यात देखणा असतो त्याचा. तुम्ही त्या एका माशावरून अख्खी जात ठरवली."

"यातून... या बाटलीतल्यातून परत करता येणार नाही? आता काय काय करतात म्हणतात."

"वाचता येतं, करता येत नाही. नराचं वीर्य आधी गोठवलेलं असतं तरी मादी लागली असती. माशाचं अंडं बलकानं भरलेलं असतं, ते गोठवलं की फुटतं. जिवंत मासे असल्याशिवाय काही नाही." ती जवळ आली. "अण्णा, इर्शादकाकांनी त्याच्या आधी कुणाला पिल्लं दिली होती का?"

हे विचारायला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. सन्मती एकटी जाते म्हणालीही. अण्णांनी चपला घातल्या.

दार इर्शादभाईंनीच उघडलं. दाढी पूर्ण पांढरी झाली होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं दिसत होतं. "ये," एवढंच म्हणाले, जणू काल भेटले होते. अण्णांनी बसायच्या आत सगळं सांगून टाकलं. आकडे सांगितले. चेन्नईच्या माद्यांचं सांगितलं. बाटली अजून आपल्याकडे आहे आणि चौदा वर्षं ती लोकांना दाखवत होतो, हेही सांगितलं.

इर्शादभाई पलंगाच्या कडेला टेकले.

"म्हणजे माझे खरे होते," ते म्हणाले.

"होय."

"सगळे."

"होय, इर्शाद."

इर्शादभाईंनी आत हाक मारून चहा सांगितला. मग सन्मतीकडे वळून म्हणाले, "सहा पिल्लं दिली होती, पोरी. मालेगावला, माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, सत्तारला. त्यालाही नाद होता. पण ह्यानं सांगितल्यावर मी त्याच दिवशी फोन केला, की संकर आहेत, मारून टाक. नाही म्हणत होता. मी म्हणालो, सुकुमारनं बघितलंय, मग प्रश्नच नाही." ते थांबले. "सत्तार जाऊन पाच वर्षं झाली."

सन्मतीनं तरीही फोन लावायला सांगितला. बहिणीचं नाव जुलेखा. स्पीकरवर तिचा आवाज साफ ऐकू येत होता.

"टाकी आहे की, भाईजान. त्यांचीच आहे. मी बंद केली नाही."

"मासे कुठले आहेत त्यात?"

"तेच, पिवळ्या पाठीचे. निळे. काळे पट्टेवाले. त्यांच्या वेळचेच आहेत, आता पिल्लांची पिल्लं झाली. का?"

सन्मतीनं फोन जवळ ओढला. "मारले नाहीत त्यानं," इर्शादभाई पुटपुटले. "सत्तारनं ऐकलं नाही माझं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसले. चौदा वर्षांत अण्णांनी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिघं निघाले. सन्मती गाडी चालवत होती, मागच्या सीटवर मशीन आणि मासे आणायच्या दोन पेट्या होत्या. पुण्यापर्यंत दोघा म्हाताऱ्यांत कामापुरतं बोलणं झालं. मग हळूहळू जुन्या गोष्टी निघाल्या. मुंबईहून येताना बसमध्ये पिशव्यांवर पंचे ओले करून कसे घातले होते, कराडला एक पिशवी गळायला लागली तेव्हा इर्शादभाईंनी कंडक्टरचा जेवणाचा डबा कसा मागून घेतला होता. सन्मती आरशातून बघत होती. दोघंही हसत होते.

नारायणगावाजवळ गाडी चार्जिंगला लावली. सन्मती पाणी आणायला गेली. बाकावर बसल्या बसल्या इर्शादभाई म्हणाले, "एक विचारू? रागावू नको."

"विचार."

"त्या वर्षी कोल्हापूरच्या प्रदर्शनात माझ्या नराला पहिला नंबर मिळाला. तुझा दुसरा आला. त्यानंतर तीन आठवड्यांनी तू माझ्या टाक्या तपासल्यास."

अण्णा रस्त्याकडे बघत राहिले.

"तुला तो पट्टा खरंच अशुद्ध दिसला, का..."

"पट्टा तुटका होता, हे खरं," अण्णा सावकाश म्हणाले. "पण तो मी आधी कितीतरी वर्षं बघत होतो, इर्शाद. तुझ्या घरी येऊन बघायचो. कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशीच तो मला खुपला. का खुपला, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. आता विचारतोय तर उत्तर येत नाही. खोटं बोललो नाही एवढं सांगतो. जे दिसलं ते सांगितलं. पण दिसलं कशामुळं, ते..."

इर्शादभाईंनी चहाचा घोट घेतला.

"माझ्या मनात आलं होतं तेव्हाच," इर्शादभाई म्हणाले. "मग वाटलं, मित्राबद्दल असं मनात आणणं बरं नव्हे. म्हणून मारले. नाहीतर थोडा थांबलो असतो, दुसऱ्या कुणाला दाखवले असते." त्यांनी कप खाली ठेवला. "जाऊ दे. सत्तारनं राखले ना. आज बघू."

मालेगावात पोहोचायला तीन वाजले. जुलेखाबाईंचं घर लूमच्या आवाजातच होतं. साठीची बाई, डोक्यावरून पदर, भावाला बघून रडली आणि अण्णांना "दादा, इतक्या वर्षांनी," म्हणाली. टाकी आतल्या खोलीत होती. मोठी, स्वच्छ, वर पांढरा दिवा. सत्तार गेल्यावर दर शुक्रवारी तिनंच पाणी बदललं होतं.

अण्णा दारातच थांबले.

टाकीत चार नर होते. गडद निळे. पाठ हळदीसारखी पिवळीजर्द, गळा स्वच्छ. सात पट्टे, वरपासून खालपर्यंत सरळ, आखणीनं ओढल्यासारखे. एकाचाही पाचवा पट्टा तुटलेला नव्हता.

इर्शादभाईंनी काचेला नाक लावलं होतं. "मला नीट दिसत नाही गा आता. पण पिवळा बघ! बघ सुकुमार, तेच ना?"

सन्मतीनं बापाचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. अण्णांनी तिच्याकडे बघून मान किंचित हलवली. बोलू नको, अशी.

"मशीनला सांगू दे," अण्णा म्हणाले. "माझं काही खरं नाही."

"हां, तेही बरोबर," इर्शादभाई हसले.

पाणी मशीनमध्ये गेलं. चाळीस मिनिटं. जुलेखाबाईंनी जेवायला वाढलं. इर्शादभाई भराभर बोलत होते, इतकं ते वर्षभरात बोलले नसतील. मासे विमानानं जाणार का, की जहाजानं? खाडीत सोडताना आपल्याला बोलावतील का? माझा पासपोर्ट नाही, तो काढावा लागेल. बेटाचे खडक तसेच असतील ना गं पोरी, खडक कुठं जातात? सन्मती 'हो काका, हो काका' म्हणत ताटाकडे बघत होती. सांगून टाकावं असं अण्णांना चारदा वाटलं आणि चारदा ते पाणी प्यायले. आयुष्यात त्यांनी कितीतरी निकाल एका क्षणात दिले होते. हा एक त्यांनी चाळीस मिनिटं पोटात ठेवला, कारण मित्राचा तेवढाच आनंद उरला होता.

"जुलेखाताई," सन्मतीनं अगदी हळू विचारलं, "हे मासे सत्तारकाकांनी कधी आणले?"

"आणले कधी म्हणजे... आधीचे भाईजाननीच दिले होते ना. ते मारायला सांगितले. त्यांनी रडत रडत मारले, दोन दिवस जेवले नाहीत. टाकी रिकामी बघवेना, म्हणून मग नाशकाच्या प्रदर्शनातून ह्यांचे आजी-आजोबा आणले. अगदी असेच. म्हणाले, हे पक्के शुद्ध आहेत, इचलकरंजीच्या मगदूमांच्या घरची वेल आहे, सर्टिफिकेटवर त्यांची सही आहे." ती कौतुकानं अण्णांकडे बघून हसली. "तुमचेच आहेत, दादा."

इर्शादभाईंचा हात ताटातच राहिला.

मशीनचा दिवा हिरवा झाला होता. सन्मती उठून गेली, आकडा बघितला आणि परत येऊन म्हणाली, "साठ." तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. तिनं हात धुतले, टॅब्लेट काढला आणि तिथंच भिंतीला टेकून शेवटचा रकाना भरला. किसेरू, जिवंत नमुना, शून्य. पुढं कारणाचा रकाना होता. तिची बोटं थांबली.

"लिही," अण्णा म्हणाले. "ओळखण्यात चूक. माझं नाव घाल, साल घाल."

"मारले मी," इर्शादभाई म्हणाले. "माझंही घाल. डोळे मलाही होते."

सन्मतीनं दोन्ही नावं लिहिली.

मग इर्शादभाई म्हणाले, "तुला आल्या आल्या कळलं होतं."

"होय."

"कशावरून?"

"फार सुंदर आहेत रे," अण्णा म्हणाले. "तुझे एवढे सुंदर नव्हते."

इर्शादभाईंनी मान हलवली. रागावले नाहीत, रडले नाहीत. मी चार दिवस बहिणीकडे राहतो, तुम्ही निघा, एवढं म्हणाले. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर ठेवायला हात पुढं केला, आणि इर्शादभाई ताट उचलून बाजूला झाले.

जुलेखाबाईंना हे सगळं नीट समजलं नव्हतं. काहीतरी बिनसलं आहे आणि ते आपल्या टाकीमुळं, एवढंच तिला कळलं. ती माशांच्या खाण्याचा डबा हातात घेऊन टाकीपाशी उभी होती.

"भाईजान," तिनं विचारलं, "मग ह्यांनाही मारायचं का?"

इर्शादभाईंनी सवयीनं सुकुमारअण्णांकडे पाहिलं. सन्मतीनंही पाहिलं. अण्णांनी टाकीकडे पाहिलं, मग माशांकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

जुलेखाबाईंनी थोडी वाट पाहिली. मग डबा उघडला आणि माशांना खायला घातलं, कारण त्यांची वेळ झाली होती.